किटली भरून खुशाली

टाळेबंदीच्या त्या लांबलचक काळात गावी आमच्या माणसांकडं मिळून तीन फोन होते आणि त्यांतल्या एकावरही मला कुणी खरं सांगितलं नाही. आता इतक्या वर्षांनी राग धरण्यात काय अर्थ आहे, असं माझी आत्येबहीण म्हणते. अर्थ नसेलही, पण मला अजून राग येतो, त्याला मी काय करू? हल्ली कुणाचा फोन लागला नाही तर लोक अर्ध्या तासात कासावीस होतात. मला त्यांची गंमत वाटते. माझे फोन बहुतेक लागत होते, घंटा वाजत होती, माणसं उचलत होती, ओरडून ओरडून बोलत होती. आणि फोन ठेवला की मी होते तिथंच असायची.

मी तेव्हा शहरात, शाहूपुरीत आत्याकडं राहत होते. बारावी आणि त्यानंतरची ती प्रवेश परीक्षा, तिच्या क्लाससाठी मला गावाहून तिथं आणून ठेवलं होतं. खाली मामांचं, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचं, शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान आणि वर दोन खोल्या. एरवी त्या गल्लीत सकाळपासून टेम्पो, हमाल, हातगाड्या यांचा असा गलबला असायचा की पुस्तकात डोकं घालायला कानात बोटं घालावी लागत. आता सगळी शटरं खाली. पोलिसांची गाडी भोंग्यावरून ओरडत गेली की मागं उरायची ती शांतता अभ्यासाला अगदी योग्य, असं मामा म्हणायचे. परीक्षा पुढं गेली होती, मग आणखी पुढं गेली, आणि तीच तीच पानं वाचून माझे डोळे शिणले होते. आमचं गाव नदीपलीकडं, वडापच्या, म्हणजे सीट भरून सुटणाऱ्या, जीपनं अर्ध्या तासाचं. पण गावानं वेशीवर बैलगाडी आडवी लावली होती, वर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही. जायचं ते फक्त दूध.

आईचा फोन बटणांचा. त्याला घरात रेंज नसे. परसात शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचून केलेला जो हुडवा होता, त्याच्या अलीकडच्या कोपऱ्यात उभं राहिलं तरच आवाज यायचा. आणि आई अशी बोलायची, जणू नदीपलीकडून शाहूपुरीपर्यंत आवाज तिलाच पोचवायचा आहे, मधल्या तारा-मनोरे शोभेपुरते आहेत.

"जेवलीस काय?"

"जेवलो की. तू कशी हैस?"

"बरं हाय की. काय खाल्लंस?"

"आमटी-भात. आई, तुजा आवाज बारीक का येतोय?"

"फोनचा आसंल. आत्याला म्हणावं, तूप कढवून धाडतो. ठेवतो बग."

आमच्याकडच्या बायका येतो, जातो, ठेवतो असंच बोलतात. मीही तशीच बोलायची, आणि क्लासात त्यावरून पोरी मला हसायच्या. तेही सोसलं असतं. मला सोसवत नसे ते हे 'बरं हाय'. ताप आला तरी बरं, पावसानं भिंत पडली तरी बरं. आमची माणसं जगाला तोंडावर फटकन बोलून मोकळी होतात, उसाच्या वजनकाट्यावरच्या माणसाला, तलाठ्याला, जावयालासुद्धा. फक्त घरातल्या माणसाला स्वतःचं दुखणं सांगायची वेळ आली की यांची दातखीळ बसते.

म्हणून मी फोनवर विसंबणं सोडलं आणि किटलीवर विसंबू लागले. शिवातात्या म्हणून गावी आमच्या गल्लीतले एक गृहस्थ गावचं दूध शहरात आणत. त्यांना पास होता. वेशीपर्यंत घरोघरचे कॅन यायचे, ते मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी अडकवून तात्या शहरभर रतीब घालत फिरायचे. त्यात आमच्या घरची एक लहान ॲल्युमिनियमची किटली वेगळी असायची, माझ्यासाठी. सकाळी खालून कडी वाजली की मी धावत जिना उतरायची. झाकण उघडलं की आधी गोठ्यातल्या धुराचा वास यायचा, मग दिसायचा फेस. आत्या ते दूध मंद आचेवर ठेवायची, आणि वर जी साय धरायची ती मामांच्या नजरेआड माझ्या भाकरीवर पडायची.

त्या किटलीला मी एवढा मान का देत होते, ते सांगायला हवं. आमची म्हैस चंद्री आईशिवाय कुणाला दूध देत नसे. आई गडहिंग्लजकडची, तिच्या माहेरी घरात अर्धं कानडी. चंद्रीशी ती तेच बोलायची, "बा यव्वा, बा", म्हणजे ये गं बाई ये. तेवढं ऐकलं की चंद्री पान्हा सोडायची. एकदा मामेभावाच्या लग्नाला आई माहेरी राहिली, तर चंद्रीनं अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, लाथेनं बादलीसकट उलटं केलं आणि आई येईपर्यंत थेंब दिला नाही. त्यानंतर आई कधी एक रात्रही बाहेर राहिली नाही. तेव्हा हिशेब सरळ होता. किटली भरलेली आली, म्हणजे आज पहाटे आई उठली, गोठ्यात गेली, खाली बसली, चंद्रीशी बोलली. माणसं खोटं बोलतील, म्हैस कशाला बोलेल?

मग आईचा फोन लागेनासा झाला. अप्पांना विचारलं तर म्हणाले, "पाण्याच्या टाकीत पडला. आता दुकानं उघडल्याबिगर दुसरा कुठनं आणू?" बरं, मग तुमच्या फोनवर द्या. तर आई कधी शेतात असायची, कधी न्हाणीत, कधी "आत्ताच झोपलीया, कशाला उठवायचं". शेजारच्या सुनीता वहिनीला, म्हणजे चुलतभावाच्या बायकोला, फोन केला तर ती म्हणायची, "आत्ता हितंच व्हत्या की त्या!" प्रत्येकाचं उत्तर तयार आणि प्रत्येकाचा आवाज नको इतका खुशीत. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. मी आत्यापुढं आदळआपट केली की आत्या म्हणायची, "आगं, किटली येती न्हवं रोज? मग?" आणि मी पुन्हा पुस्तक उघडायची. कारण किटली येत होती. उलट लहान किटलीच्या जागी मोठी किटली येऊ लागली होती, काठोकाठ. आईला माझी आठवण येते म्हणून जास्त दूध धाडते, असं मी धरून चालले. आपल्यावर कुणी जास्त माया करतंय असं वाटलं की माणूस पुढं काही विचारत नाही.

त्याच सुमाराला मामांचं पोट बिघडलं होतं. निदान मला तसं सांगितलं होतं. मग रोज सकाळ-संध्याकाळ मऊ भात आणि मुगाचं वरण. "तिखट घालू नगोस, हिंग नको, चांगलं घोट," असं आत्या बजावायची आणि मी मनातल्या मनात मामांच्या पोटाला शिव्या देत रवी फिरवायची. गंमत म्हणजे मामा दुपारी आमच्याबरोबर झणझणीत कटाची आमटी ओरपताना मला दिसत होते. आणि आत्या रोज पिशवी घेऊन भाजीला जायची ती हात हलवत परत यायची. भाजी मिळाली नाही, पोलिसांनी फिरवलं, रांग मोठी होती. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. शाळेत मला सगळे हुशार म्हणायचे, यावर आता मी फारसं बोलत नाही.

शेवटी एका संध्याकाळी माझा धीर सुटला. मामांच्या फोनवरून वहिनीला लावला आणि सांगितलं, आत्ता धारांची वेळ आहे, आई गोठ्यातच असणार, तुझ्या फोनवर मला व्हिडिओत दाखव, नाहीतर मी चालत निघते, वेशीवरच्या बाभळीत अडकून मेले तरी चालेल. वहिनी घाबरली. "दावतो बाई, दावतो," म्हणाली. चित्र हलायला लागलं. आमचं अंगण दिसलं, पालथं घातलेलं घमेलं दिसलं, आणि मग गोठ्याचं दार. आत अंधूक उजेड. चंद्रीची काळी पाठ, आणि तिच्या पोटाशी पाठमोरी बसलेली आई. हिरवी, कोयरीच्या काठांची साडी, डोक्यावर पदर. बादलीत धारा वाजत होत्या.

"बग, हाय का न्हाय तुजी आई?" वहिनी कुजबुजली.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. इतके दिवस उगाच सगळ्यांवर संशय घेतला, असं वाटून मला स्वतःचीच लाज वाटली. मी ओरडले, "आई! ए आई! हिकडं बघ की!"

धारा थांबल्या. पदर हलला. आणि आईच्या साडीतून अप्पांचा भरदार आवाज आला, "कोण वरडालंय गं तितं? दार लाव आदी, म्हस बुजंल!"

चित्र आडवं झालं, शेणाच्या पाटीजवळ गेलं आणि बंद पडलं. मी आधी हसले. खरंच सांगते, पोट धरून हसले. म्हशीला फसवायला तिच्या मालकिणीची न धुतलेली साडी नेसून बसायचं, ही युक्ती आमच्याकडं बरेच जण करतात. बाई बाळंतपणाला गेली की गडी पदर घेऊन खाली बसतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण अप्पा! चारचौघांत दोरीवरची आईची साडी काढायलासुद्धा लाजणारे आमचे अप्पा. हसू ओसरता ओसरता पुढचा प्रश्न आला. अप्पा आईच्या साडीत असतील, तर आई कुठं आहे?

स्वयंपाकघरात आत्या डबा भरत होती. मऊ भात, मुगाचं वरण, आणि शेजारी एका बाटलीत कोमट दूध. मी तिच्यासमोर उभी राहिले.

"आत्या, आई कुठं हाय?"

आत्यानं डब्याचं झाकण लावलं, मग परत काढलं, मग खाली बसली. "दवाखान्यात," म्हणाली. "हितंच. मागच्या चौकाच्या पल्याड."

आई गोठ्यातच कोसळली होती. खूप रक्त गेलं होतं. शिवातात्यांच्या ओळखीची गाडी पास काढून तसल्याच अवस्थेत तिला रातोरात, गुपचूप इथं आणलं, आणि दुसऱ्या दिवशी गर्भपिशवी काढली. मग टाक्यांत पू झाला, ताप चढला, घरी सोडायचं लांबत गेलं. सोबत एकाच माणसाला परवानगी, म्हणून आत्या जात होती. मी तोंड गावाकडं करून नदीपलीकडची वाट बघत बसले होते, आणि आई माझ्या पाठीमागं, पायी जाण्याच्या अंतरावर, मी घोटलेलं वरण खात पडली होती. मोठी किटली एकट्या माझ्यासाठी येत नव्हती. त्यातलं निम्मं दूध आईला जात होतं.

मी घर डोक्यावर घेतलं. मला का नाही सांगितलं? मी काय कुक्कुलं बाळ आहे? आत्या म्हणाली, "तुज्या आईनंच शपथ घातल्या. पोरीचं वरीस वाया जाईल म्हणाली."

"परीक्षाच होत न्हाय! कसलं वरीस?"

"आनि आसलं बायकी दुखनं, ते काय फोनवर सांगायचं आसतंय? गावात कळलं आसतं तर दवाखाना म्हटल्यावर कोण पोटाचं म्हणून ऐकनार व्हतं? करोनाच म्हणून घराला काट्या लावल्या आसत्या. दूध बंद झालं आसतं."

तिचं चुकत नव्हतं. त्यामुळं तर जास्तच राग आला. बोलणाऱ्याचं चुकत असलं की भांडून मोकळं होता येतं. इथं सगळे आपापल्या परीनं शहाणे होते, आणि त्यांच्या शहाणपणात आई मेली असती तर मला किटली भरलेलीच मिळाली असती. हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

दुसऱ्या दिवशी मी आत्याबरोबर गेले. फाटकावरच्या माणसानं एकीलाच आत सोडलं. मी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर उभी राहिले आणि वरच्या खिडक्या बघत राहिले. सगळ्या सारख्या, सगळ्यांना हिरवे पडदे. मग माझ्या हातातला मामांचा फोन वाजला. आत्यानं वरून स्वतःच्या फोनवरून लावून आईला दिला होता. बोलायचं मी रात्रभर मनात जुळवून ठेवलं होतं.

"जेवलीस काय?" आई म्हणाली.

झालं, जुळवलेलं सगळं उधळलं. "आई, मी खाली उभा हाय. मला सगळं कळलंय. आता तरी खरं सांग. दुखतंय काय?"

"काय न्हाय. बरं हाय की. उनात उभारू नगोस." लगेच पुढं, "म्हस देती न्हवं?"

"देती. अप्पा साडी नेसत्यात."

पलीकडून बारीक, दाबून धरलेला आवाज. "कुठली?"

"हिरवी. कोयरीची."

"आगं ती चांगली हाय की! शेनात घातली व्हय?" आणि मग, "हसवू नगोस गं, टाकं वढत्यात. लई दुखतंय."

एवढ्या दिवसांत आईनं मला सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट. पुढं काही विचारायच्या आत नर्सचा आवाज आला आणि फोन बंद झाला. आत्या रिकामा डबा घेऊन खाली येईपर्यंत मी त्या पायरीवरच थांबले. रडूही येईना आणि घरीही जाववेना.

आईला सोडलं तेव्हा गावाची वेसही सैल झाली होती. गाडीतून मी तिच्याबरोबर गेले. पण वाटेत एक शब्द बोलले नाही. ती एकदोनदा "ऊस चांगला आलाय बग" असं काहीतरी म्हणाली, मी खिडकीबाहेर बघत राहिले. आता बोलायचं तर तिनं आधी बोलावं, सगळं, पहिल्यापासून, असं मी ठरवलं होतं. घरी पोचल्यावर आई ओसरीवर टेकलीसुद्धा नाही, भिंतीला धरत धरत आधी गोठ्यात गेली. "बा यव्वा," म्हणून हात पुढं केला. चंद्रीनं हात हुंगला, फुस्स केलं आणि तोंड फिरवून दावणीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

"दवाखान्याचा वास येतोय तिला," अप्पा म्हणाले. "दोन दिस थांब. मी हाय न्हवं."

"तुमी हैसा की," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उतरला की अप्पांनी पुढं थट्टा केली नाही.

दिवस मावळताना मी आईला चहा घेऊन गेले तर अंथरूण रिकामं. डॉक्टरांनी पायरी चढायची नाही, वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. चिडून मी तशीच गोठ्याकडं निघाले, चार शब्द सुनवायचेच म्हणून. दाराशी पोचले आणि आतून आईचा आवाज आला. फोनवरचा ओरडणारा आवाज नव्हता तो. इतकं हळू बोलताना मी तिला कधी ऐकलंच नव्हतं.

"राग आला व्हय यव्वा? सांगून गेलो न्हाय म्हणून? आगं, सांगायला सुद कुठं व्हती मला. हितंच पडलो न्हवं का तुज्या म्होरं. रगात बघून लई भ्यालतो मी. गाडीत डोळं मिटाय लागलं तवा म्हटलं, आता काय ह्यो गोठा परत दिसत न्हाय. सुजीचं त्वांड बी दिसत न्हाय." सुजी म्हणजे मी. "शेजारच्या खाटंवर एक बाई व्हती, कुरुंदवाडची. जेवताना बोलली माज्यासंगं, चांगली बोलली. सकाळी उठलो तर खाट रिकामी. घाईत तिचा फोन उशाखालीच ऱ्हायला. वाजालाय, वाजालाय. तिच्या लेकीचा आसंल. कोण उचलनार? माजा हात पोचत व्हता गं. मी न्हाय उचलला. काय सांगू म्हटलं त्या पोरीला? तवापासनं सुजीचा फोन म्हटला की माज्या छातीत धडधडतंय. बोलाय गेलं की वाटतंय, काय तरी तोंडातनं निगून जाईल."

चहाचा कप माझ्या हातात गार होत होता. मी आत गेले नाही. गेले असते तर ती थांबली असती, हे मला तेव्हा पक्कं कळलं होतं. फटीतून दिसलं ते एवढंच, की चंद्री हळूहळू जवळ आली आणि तिनं आईच्या मनगटाला जीभ लावली, सुई टोचून काळं-निळं झालं होतं तिथं. आई "आगं आगं" म्हणाली आणि तिच्या मानेवर डोकं टेकून उभी राहिली.

कप बशीवर वाजला असावा. आईनं घाईनं डोळे पुसले.

"कोण हाय?"

"मी."

"कवा आलीस? जेवलीस काय?"

"आई, बरी हैस न्हवं?"

"बरं हाय की," ती पुन्हा ओरडल्यासारखं म्हणाली. "मला काय झालंय?"

मी भांडले नाही. तिच्या काखेत हात घालून तिला सावकाश घरात आणलं. मात्र दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी आई गोठ्याकडं निघाली की मी पेंड भिजवायचं घमेलं घेऊन गोठ्याच्या भिंतीच्या अलीकडं जाऊन बसू लागले. पुढं कितीतरी वर्षं, सुट्टीला घरी गेले की माझी तीच जागा असायची. आईला काय खुपतंय, कुठं दुखतंय, कशाची भीती वाटते, ते मला नेहमी तिथंच बसून कळलं.